एका नंबरात दोन चंद्र्या

४ नोव्हेंबर

एकसष्टाव्या वर्षी पुन्हा नोकरी. बार्शीच्या कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो, तेव्हा डायरीची गरज पडली नाही. जे काय लिहायचं ते रजिस्टरात लिहून व्हायचं. आता रजिस्टर दुसऱ्याचं झालं, म्हणून ही वही.

जागा सोलापुरात होटगी रोडला. मेंढ्यांवर संशोधन करणारं छोटं केंद्र. दोन खोल्या आणि एक अगडबंब फ्रीज, उणे ऐंशी अंशांचा. त्यात मेंढ्यांच्या रक्ताच्या नळ्या. प्रमुख कोण, तर केम गावच्या शेतकऱ्याची बत्तीस वर्षांची मुलगी, डॉक्टर पायल. हुशार आहे, पण फायलींची नावं बघून मला घाम फुटला. ‘मेंढ्या नवीन’, ‘मेंढ्या फायनल’, ‘मेंढ्या फायनल खरंच’. मी म्हटलं, “मॅडम, ही काय पद्धत झाली?” तर हसत म्हणाली, “म्हणून तर तुम्हाला बोलावलं, सर.”

दोनशे बारा मेंढ्या, दोनशे बारा फॉर्म. मालक, गाव, मेंढीचं नाव, वय, कानाची खूण आणि लेंडीत जंतांची अंडी किती निघाली तो आकडा. पावसाळ्यात जंतांनी कळपच्या कळप गळतात. काही मेंढ्यांना मात्र काहीच होत नाही. त्या कोणत्या आणि त्यांच्या रक्तात वेगळं काय, हे शोधायचं. माझं काम एवढंच की सगळं नीट लावायचं आणि जगाच्या भांडारात पाठवायचं. जगाचं भांडार म्हणजे काय, ते उद्या सांगणार आहे.

६ नोव्हेंबर

सांगितलं. ऐकून मी बाहेर गेलो आणि टपरीवर दोन चहा प्यालो. 

रक्तातली जी काही अक्षरं असतात, त्यांची भली मोठी फाईल होते. ती भांडारात दिली की भांडार तिला एक नंबर देतं. पुढे काही अक्षरं, मागे आकडे. तो नंबर जगात कुणीही, कुठूनही टाकला की तीच फाईल उघडते. भांडारं तीन आहेत, तीन खंडांत, आणि ती रोज एकमेकांशी पडताळून घेतात. आणि मुख्य गोष्ट: एकदा दिलेला नंबर दुसऱ्या कशालाही देत नाहीत. कधीच नाही. मेंढी मरो, शास्त्रज्ञ मरो, नंबर त्या एकीचाच.

अहो, हे तर माझं दाखल क्रमांकाचं रजिस्टर! प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक. पुस्तक गहाळ झालं तर लाल शाईनं ‘गहाळ’ लिहायचं, पण तो क्रमांक नव्या पुस्तकाला द्यायचा नाही. प्राचार्य म्हणायचे, “रिकामे आकडे कशाला ठेवता हो?” मी कधी ऐकलं नाही. वाचक क्रमांक तर नियमाप्रमाणे दर वर्षी फिरवायला परवानगी होती, तरी ६१२ मी परत कुणाला दिला नाही. त्यावरूनही बोलणी खाल्ली. तत्त्व म्हणजे तत्त्व. आणि आज कळतंय की अख्खं जग त्याच तत्त्वावर चाललंय. मला कुणीतरी कळवायला हवं होतं.

घरी ऋतुजाला सगळं सांगितलं. पोरगी बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे, फेब्रुवारीत दिवस भरतील. पोटावर हात ठेवून ऐकत होती. मग एकदम म्हणाली, “अप्पा, मुलगी झाली तर आईचं नाव ठेवू या. दाक्षायणी. हाक मारायला दाक्षा.” मी म्हटलं, “नाव काय खिरापत आहे वाटायला? एक नाव एका माणसाचं.” जरा जोरातच म्हटलं असावं, कारण ती उठून आत गेली. आमटीत मीठ कमी होतं. त्यामुळेच बहुतेक मी चिडलो.

१९ नोव्हेंबर

आज चोर पकडला. नळी नंबर ८८ आणि नळी नंबर १३१. दोन्हींचा मालक वळसंगचे हरिबा. दोन्ही मेंढ्यांचं नाव चंद्री. दोन्हींच्या डाव्या कानाला दोन काप, दोघींचं तोंड काळं, कपाळावर पांढरा ठिपका. एक नोंद जुलैची, एक ऑगस्टची. म्हणजे एकाच मेंढीचं रक्त दोनदा काढलं. दुबार प्रत! अशा दुबार प्रती मी शेकड्यांनी पकडल्यात.

१३१ वर रेघ मारली, तिची फाईल ८८ खाली जोडली आणि १३१ चा फॉर्म ‘दुबार’ असा शेरा मारून रद्दीत टाकला. वय जुळत नव्हतं, पण धनगराला वय विचारलं की अंदाजच सांगणार. पायल मॅडम पुण्याला बैठकीला गेल्या होत्या. त्यांना विचारण्यासारखं यात काय होतं? आता एकूण मेंढ्या दोनशे अकरा. काम स्वच्छ झालं.

२ डिसेंबर

आले! नंबर आले. मॅडमनी मी केलेलं सगळं वाचलंही नाही, म्हणाल्या, “एकतीस वर्षं ग्रंथपाल होता तुम्ही, मी काय तपासू?” आणि पाठवून दिलं. आज दोनशे अकरा नंबर एका ओळीत आले. मी त्यांची प्रिंट काढून घेतली. मॅडम हसल्या, हसू देत.

घरी ऋतुजाच्या मोबाइलवर एक नंबर टाकून पाहिला. सहज हाताला लागला तो हरिबांच्या चंद्रीचा, शेवटी ४१७. क्षणात पान उघडलं. मेंढी. दख्खनी. महाराष्ट्र, सोलापूर, वळसंग. मला अक्षरशः अंगावर काटा आला. हरिबांनी पुणं पाहिलंय की नाही कोण जाणे, आणि त्यांची चंद्री तीन खंडांत एकदम उभी. ऋतुजाला म्हटलं, “बघ, बघ!” ती म्हणाली, “किती वेळा दाखवाल अप्पा, पाचव्यांदा झालं.”

१० डिसेंबर

दाक्षायणीला जाऊन आज चौदा महिने. नोंद असावी म्हणून लिहिलं.

१५ जानेवारी

गड्ड्याची जत्रा भरली आहे. बसला अर्धा तास उशीर. केंद्रात पोचलो तर मॅडम संगणकासमोर उभ्याच. उरुग्वे देशातून पत्र आलं होतं. मी नकाशात शोधला, पार खाली, समुद्राकाठी. तिथे म्हणे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तिथल्या मार्सेला नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी लिहिलं होतं, आणि पत्राच्या पहिल्याच ओळीत आपला नंबर. शेवटी ४१७. मी मोठ्यानं वाचला. माझ्या हातानं भरलेला फॉर्म त्या बाईनं उघडून वाचला होता!

त्यांच्याकडे काही मेंढ्या आहेत, ज्यांना जंत जवळजवळ लागत नाहीत. त्यांच्या रक्तात अक्षरांचा एक विशिष्ट तुकडा सापडला. जगात आणखी कुठे तो आहे का, म्हणून त्या बाई सगळं भांडार धुंडाळत होत्या. सापडला फक्त एका ठिकाणी. आपल्या चंद्रीत.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मॅडम मात्र पडद्यावर बोट ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, “पुढचं वाचा, सर.”

पुढे लिहिलं होतं: या नंबराखाली दोन फायली आहेत आणि त्या एका जनावराच्या नाहीत. दोन वेगळ्या माद्या आहेत, रक्तावरून बहुधा मायलेकी. तुकडा दोघींपैकी एकीतच आहे. ती कोणती? तिला जंत खरंच कमी होते का? आणि ती जिवंत आहे का? कारण एका जुन्या नळीवर भरवसा ठेवता येत नाही. तिचं ताजं रक्त तपासल्याशिवाय ही गोष्ट कुणी खरी मानणार नाही.

मायलेकी! सातासमुद्रापलीकडे बसलेल्या बाईला नुसत्या अक्षरांवरून कळलं की या मायलेकी आहेत. आणि मी, दोन्ही फॉर्म हातात धरून, म्हटलं दुबार प्रत. मॅडमनी दोन्ही फायली उघडून पाहिल्या. तुकडा होता १३१ च्या फाईलमध्ये. मी रेघ मारली ती.

“१३१ चा फॉर्म कुठे आहे, सर? वय, अंड्यांचा आकडा, सगळं त्यावर होतं.”

“रद्दीत,” मी म्हटलं.

मॅडमनी डोळे मिटले. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, “उद्या सकाळी वळसंगला जायचं. तुम्ही पण चला.”

१६ जानेवारी

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही.

वळसंगच्या पुढे माळावर हरिबांचं घर. घरी त्यांच्या मालकीण, तानाबाई. सत्तरीच्या आसपास, काटक, तोंडात मिश्री. मी विचारलं, “मावशी, तुमची चंद्री कुठे आहे?”

“कंची चंद्री?” त्या म्हणाल्या. “म्हातारी का तरणी?”

मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे.

“एकाच नावाच्या दोन कशा काय, मावशी?”

“आता गं बया! आई थकली की लेकीला नाव द्याचं. ही म्हातारी चंद्री बी पैल्या चंद्रीची लेक. माज्या सासूच्या हातची चंद्री हुती ती. नाव कळपात ऱ्हायाला पायजे की न्हाय? तुमी दोगींचं रगात न्हेलं, आन दोन चंद्र्या म्हायती न्हाईत व्हय?”

मी जमिनीकडे बघत होतो. मॅडमनीच विचारलं की दुसऱ्या खेपेला रक्त काढलं ते कुणाचं.

“पैल्यांदा आलासा तवा तरणी नुकती व्याली हुती, म्हनून घरी हुती. तिचं घेतलं. म्हातारी रानात हुती ह्यांच्यासंगं. तिचं दुसऱ्या खेपेला.” बाईंना तारखेची गरज नव्हती. सगळं डोळ्यांपुढे होतं.

“आणि म्हातारीला जंत व्हायचे का हो?”

तानाबाई हसल्या. “तिला म्या कदी औशद पाजलंच न्हाय. श्रावणात समदा कळप हगवनीनं गळाला, आन ही वर मान करून चरत हुती. लई चिवट.”

रद्दीत टाकलेला फॉर्म ती बाई तोंडपाठ म्हणत होती. मला एकीकडे रडू येत होतं आणि एकीकडे आनंद मावत नव्हता. १३१ म्हणजे म्हातारी. जंत लागत नाहीत ती हीच. सापडली!

“कुठे आहे ती?”

“आज तांबडं फुटताना बाजाराला न्हेली की. दात पडल्यात तिचं. दात न्हाईत तर चरंल काय, बाई?”

गाडी किती जोरात पळवली ते लिहीत नाही. हरिबांचा फोन लागत नव्हता. बाजारात धुरळा, बकऱ्यांचा कालवा, त्यात हरिबांचा पिवळा पटका शोधत आम्ही दोघं पळतोय. मी चार वर्षांत पळालो नव्हतो. हरिबा सापडले ते लिंबाखाली बसलेले. हातात दोरी होती. नुसतीच दोरी.

“म्हातारी चंद्री?” मॅडम धापा टाकत म्हणाल्या.

“गेली की. सकाळीच.”

“कुणाला दिली? परत मिळेल का?”

हरिबांनी नाही म्हणून मान हलवली. ज्याला दिली तो तिथल्या तिथे कापणारा होता. मॅडम खाली बसल्या, तशाच मातीत. मी उभाच राहिलो. माझ्या एका रेघेनं दीड महिना गेला होता. नोंद नीट असती तर दोन फायलींचा गुंता सोडवण्यात मार्सेला बाईंचे दिवस गेले नसते, त्यांनी आधीच थेट विचारलं असतं आणि आम्ही वेळेत आलो असतो. हे मी मोठ्यानं बोलून दाखवलं. हरिबांना त्यातलं किती कळलं माहीत नाही. त्यांची भाकरी शेजारी फडक्यात तशीच बांधलेली होती.

“नाव हाय लेकीकडं,” ते म्हणाले. “वाईट वाटायचं कारन न्हाय.” पण सांगताना दुसरीकडेच बघत होते. मग दोरी गुंडाळत म्हणाले, “तिचं कोकरू हाय की. यंदाचं. दात नसताना बी व्याली बगा ती.”

मॅडम ताडकन उठल्या.

परत वळसंगला गेलो. तीन महिन्यांची पाठ, म्हणजे मादी कोकरू, काळं तोंड, कपाळावर ठिपका. मॅडमनी रक्त काढलं, मी पाय धरले. आयुष्यात पहिल्यांदा मेंढी धरली. किती गरम असते! नळीवर नंबर मी घातला आणि तानाबाईंना तीनदा विचारून फॉर्म भरला. वय, आई, कान, सगळं. तिच्यात तो तुकडा असेलच असं नाही म्हणाल्या मॅडम. आईचं निम्मंच लेकीत येतं. तरणीत आलाच नाही.

२५ जानेवारी

दुरुस्ती पाठवायची आहे. मी म्हटलं, “४१७ पुसून टाका मॅडम, आणि दोघींना नवे नंबर द्या. झालं गेलं.”

“पुसता येत नाही, सर. ४१७ तिथेच राहणार. त्यावर लिहिलेलं येणार की इथे चुकून दोन जनावरं एकत्र झाली होती, आता हे दोन नंबर पाहा. तारखेसकट.”

म्हणजे माझी चूक जगाच्या अंतापर्यंत तीन खंडांत! कर्म माझं. दिवसभर जेवण गेलं नाही. मॅडम म्हणाल्या, “मीही न वाचता पाठवलं होतं. नाव माझंच आहे तिथे, तुमचं नाही.” मला आणखीच लाज वाटली.

२७ जानेवारी

दुरुस्तीचं पान उघडून पाहिलं. मग बराच वेळ पाहतच राहिलो. ४१७ टाकला की ते पान म्हणतं: इथे नाही, तिकडे जा. उद्या कुणी मार्सेला बाईंचं पत्र वाचून जुनाच नंबर टाकला, तरी तो बरोबर म्हाताऱ्या चंद्रीपर्यंत पोचणार. चूक लपवत नाहीत, तिच्यावरूनच पुढची वाट दाखवतात. मी लाल शाईनं ‘गहाळ’ लिहायचो आणि तिथेच थांबायचो. पुढची वाट लिहायची मला कधी सुचलीच नाही. ज्यांनी ही पद्धत काढली त्यांना हात जोडावेत.

१४ फेब्रुवारी

आहे! कोकरात तुकडा आहे! पुण्याच्या प्रयोगशाळेतून कोकराच्या रक्ताची अक्षरं आली, मॅडमनी मार्सेला बाईंच्या अक्षरांशेजारी ठेवली. एका ओळीत दोन मेंढ्या, एक उरुग्वेची, एक वळसंगची, आणि मधली अक्षरं एकसारखी. अक्षर न् अक्षर. मॅडम ‘अगं आई गं’ म्हणून खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. मला काय करावं कळेना, मी चहा सांगितला.

दुपारी मी एकटाच एसटीनं वळसंगला गेलो. तानाबाईंना सांगायला दुसरं कोण जाणार? त्यांना मोबाइलवर म्हाताऱ्या चंद्रीचं पान दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं.

“म्हातारी हाय व्हय ह्याच्यात?”

“आहे.”

“मेली तरी?”

“मेली तरी. हा नंबर तिचाच. दुसऱ्या कुणाला कधीच देणार नाहीत.”

त्यांनी पदरानं बोट पुसलं आणि काचेवर, त्या आकड्यांवर ठेवलं. 

मी विचारलं, “कोकराचं नाव काय ठेवलंत? फॉर्मवर लिहायचंय.”

“चंद्रीच की.”

“अहो मावशी, तरणी चंद्री आहे ना अजून!”

“आसंना. हाक मारली की दोगी बी येत्यात.” बायको गेल्याचं मी मघाशी चहा घेताना बोललो होतो. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमच्या मालकिनीचं नाव काय हुतं ओ?”

मला नाव सांगता येईना.  मी म्हटलं, “का?”

“न्हाय, आपलं इचारलं. नंबर ठेवा तुमी जपून, चांगलंच हाय. पर नाव हाकंला आसतंय. हाकच मारली न्हाय तर घरात वळून कोन बगंल?”

फॉर्मवर लिहिलं: चंद्री. आई: चंद्री, आणि पुढे तिचा नंबर. घोटाळा व्हायला कुठेही जागा नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून रडलो. धूळ होती म्हणावं तर काच लावलेली होती.

२१ फेब्रुवारी

ऋतुजाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. वजन दोन किलो नऊशे. मनगटाला दवाखान्याची पट्टी, तिच्यावर नंबर. मी तो दोनदा तपासला. ऋतुजानं नावाचा विषय काढला नाही. नोव्हेंबरपासून तिनं तो काढलेलाच नाही. हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

मीच काढला. म्हटलं, “दाक्षायणी ठेवू या. तुझ्या सासरी चालणार असेल तर.” पोरगी उशीवरून उठून बसली. मग माझा हात घट्ट धरून रडली.

४ मार्च

बारसं झालं. आत्यानं कानात नाव सांगितलं. पायल मॅडम आल्या होत्या. तानाबाई आणि हरिबाही आले, बाळाला हातानं विणलेली छोटी घोंगडी घेऊन. लोकर कुणाची ते मी विचारलं नाही.

सगळे गेल्यावर बाळ पाळण्यात रडायला लागलं. ऋतुजा आत होती. मी पाळण्याशी गेलो आणि हाक मारली, “दाक्षायणी.” सतरा महिन्यांनी हे नाव माझ्या तोंडून मोठ्यानं बाहेर पडलं. बाळ रडायचं थांबलं आणि मान वळवून आवाजाकडे बघायला लागलं.

बार्शीच्या कॉलेजात भूगोलाच्या नव्या मॅडम पहिल्यांदा पुस्तक न्यायला आल्या, तेव्हा त्यांचं कार्ड मीच लिहिलं होतं. वाचक क्रमांक ६१२, दाक्षायणी. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

नाव दिलं. ६१२ मात्र कुणालाही देणार नाही.